शेवटच्या रांगेतला गळका नळ

बाईंना मी सव्वीस वर्षं ओळखत होतो, असं मी चारचौघांत सांगत आलो. त्या गेल्या तेव्हा त्यांच्या घरी भेटायला गेलो होतो. निघताना त्यांचा भाचा मला जिन्यापर्यंत सोडायला आला आणि म्हणाला, "काका, आमची आत्या तिथे नक्की काय करायची?"

"चित्रं लावायच्या," मी म्हणालो.

"ते माहितीये हो. पण म्हणजे काय?"

मी दोन पायऱ्या उतरलो, थांबलो, आणि "सांगतो कधीतरी" म्हणून सटकलो. बसमध्ये बसल्यावर मनाशी हिशेब केला की आपल्याला बाईंबद्दल ठाऊक तरी काय आहे. त्यांनी लग्न का केलं नाही, ठाऊक नाही. वाढदिवस कधी, ठाऊक नाही. त्या गाणं ऐकायच्या का, त्यांचं कुणाशी भांडण होतं का, रात्री झोप लागायची का, काहीच नाही. ठाऊक होतं ते एवढंच की त्यांच्या उजव्या पायाची चप्पल डाव्याच्या आधी झिजायची, कारण रिकाम्या हॉलमध्ये त्या चालत आल्या की आवाजावरून मी त्यांना ओळखायचो.

आमच्या हिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "सव्वीस वर्षं एका छताखाली काम केलंत, आणि एवढंच? तुम्ही दिव्यांकडे बघत होता. माणसांकडे कधी बघितलंत?"

खोटं नाही. मी त्या हॉलचा वायरमन होतो. माझी मान कायम वर असायची. तेव्हा भाच्याला सांगायचं राहिलं ते इथे लिहून काढतो. अर्धवट असेल. जेवढं माझ्या डोळ्यांसमोर झालं तेवढंच आहे.

आमचा हॉल म्हणजे व्यापारी प्रदर्शनांचा. एका आठवड्यात कुलपंवाले, पुढच्या आठवड्यात फरशीवाले, मग हॉस्पिटलच्या खाटा, मग खोकी बांधायची यंत्रं. स्टॉलच्या सहा रांगा. पहिल्या रांगेत मोठ्या कंपन्या, गालिचे, हसऱ्या मुली. शेवटच्या रांगेत एकट्यादुकट्याचा धंदा करणारे. आणि शेवटच्या रांगेच्या डाव्या टोकाला, आगीच्या वेळच्या दाराशेजारी, एक कोपरा होता. त्याला आम्ही सगळे 'मेलेला कोपरा' म्हणायचो. त्याच्या आजूबाजूला ज्याला स्टॉल मिळायचा तो तीन दिवस आपलीच पत्रकं पाठ करत बसायचा.

बाई दाराजवळच्या काउंटरवर होत्या. येणाऱ्याचं नाव लिहून घ्यायचं, कार्ड छापायचं, फितीत अडकवून त्याच्या हातात द्यायचं. हे काम त्यांनी अठरा वर्षं केलं. आपण त्यांच्या जागी असतो तर अठरा वर्षांनी आपल्याला माणसं दिसायचीच बंद झाली असती. बाईंचं उलट झालं. आत जाताना माणसाचा चेहरा कसा असतो आणि बाहेर येताना कसा असतो, हे त्या बघत बसल्या. आत जाणारा ताठ असायचा. बाहेर येणारा पिळून काढलेल्या फडक्यासारखा, दोन हातांत दोन पिशव्या.

पुढेपुढे त्या बाहेर पडणाऱ्याला विचारायला लागल्या, "काय पाहिलंत?"

"पंप."

"कुठला?"

माणूस पिशवीत डोकावून बघायचा. रोज पन्नास जणांना विचारलं तर चाळीस जण पिशवीत बघायचे. बाईंना त्याचं फार वाईट वाटायचं. आमचा सुतार म्हणायचा, "बाई, तुमचं काय जातंय? त्याने पंप घेतला नाही तर तुमच्या घरी पाणी थांबणार आहे का?"

"माणूस दिवसभर चालतो आणि त्याच्या डोक्यात काही उरत नाही. बरं वाटतं का हे?" बाई म्हणायच्या.

मग कुलपांच्या प्रदर्शनाला त्यांनी काउंटरशेजारी एक चित्र आणून टांगलं. कुठल्याशा कलाशाळेच्या मास्तरांकडून मागून आणलेलं. अर्धवट उघडं दार, बाकी काही नाही. मला वाटलं, साहेब बघतील आणि काढायला लावतील. पण गंमत अशी झाली की कुलपंवाले त्याच्यासमोर थांबायला लागले. एक जण म्हणाला, "याला कुलूप कुठाय?" मागचा अनोळखी माणूस म्हणाला, "अहो, चोर आत आहे, तो कसा लावेल?" दोघं हसले आणि बोलत बोलत आत गेले. संध्याकाळी ते दोघं बरोबरच बाहेर आले. बाईंनी विचारलं, "काय पाहिलंत?" त्यांनी पिशवीत बघितलं नाही. धडाधडा सांगायला लागले.

त्या दिवसापासून बाई हट्टाला पेटल्या. रविवारी कलाशाळा, चित्रकारांच्या खोल्या, पत्र्याच्या शेडमधले मूर्तिवाले असं फिरायच्या. आणि प्रदर्शनाच्या आधी, स्टॉल उभे राहिले की, एक विचित्र काम करायच्या. दोन पिशव्यांत जुनी पत्रकं गच्च भरायच्या, पायात चावणारे बूट घालायच्या, आणि दारापासून सगळा हॉल चालायच्या. प्रत्येक स्टॉलपुढे थांबून, मान डोलावून. जिथे पाय दुखायला लागतील तिथे खाली वाकून खडूने फुली. "इथे माणूस थकतो," असं म्हणायच्या, "म्हणजे इथे काहीतरी हवं." सुताराने त्यांचं नाव खडूबाई ठेवलं. समोर मात्र आम्ही सगळे बाईच म्हणायचो.

फुल्या दर वेळी कुठेकुठे पडायच्या, पण एक फुली ठरलेली असायची. पाचव्या रांगेच्या शेवटी. तिथून माणूस मागे वळतो. शेवटच्या रांगेत जातच नाही.

परवानगी मात्र काउंटरपुरतीच होती, आणि हे काउंटरवरचं चित्र लावणं सात-आठ वर्षं चाललं असेल. मग नवे साहेब आले. माणूस वाईट नव्हता, पण प्रत्येक कोपऱ्याचा उपयोग काय हे विचारणारा. त्यांनी ठरवलं की मेलेला कोपरा पार्टिशन घालून बंद करायचा आणि तिथे रिकामी खोकी ठेवायची. शेवटची रांग आखूड करायची. आणि काउंटरपाशी चित्रंबित्रं नकोत, तिथे स्क्रीन लावायचा.

बाई खडूच्या फुल्यांचा नकाशा घेऊन त्यांच्या खोलीत गेल्या. मी तेव्हा तिथेच, शिडीवर, एक ट्यूब बदलत होतो.

"साहेब, तो कोपरा मला द्या."

"काय करणार?"

"शेवटच्या रांगेत माणसं आणते."

"चित्र लावून? बाई, पाचव्या रांगेतून तुमचं चित्र दिसणारसुद्धा नाही."

"दिसणार नाही, हे बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "ऐकू येईल असं काहीतरी लावते."

साहेबांनी नकाशातल्या पाचव्या रांगेवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "पंप आणि व्हॉल्व्हचं प्रदर्शन येतंय. तीन दिवस. शेवटच्या रांगेत माणसं आली, तर कोपरा तुमचा आणि काउंटरची भिंतही तुमची. नाही आली, तर दोन्ही बंद. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या आणि नकाशाची घडी घातली. मी शिडीवरून बघितलं. ती घडी त्यांनी तीनदा मोडून परत घातली.

त्यांनी काय आणलं ते मला आधी कळलंच नाही. एका शेडमधल्या शिल्पकाराचं काम होतं. कोपऱ्याला तीन बाजूंनी काळं कापड, वर पांढरं कापड. मधोमध जमिनीतून आलेला एक पाइप आणि त्याला साधा पितळी नळ, आपल्या घरी असतो तसाच. खाली तांब्याचं मोठं, पातळ घमेलं. मला सांगितलं, खालच्या बाजूने एकच पिवळा दिवा लावा. मी लावला आणि दुसऱ्या कामाला गेलो. तेव्हा पाणी भरलेलं नव्हतं. मला वाटलं, नळाचा पुतळा आहे. असतात एकेक. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी शिल्पकार आला, बादलीत पाणी भरलं, छोटा पंप जोडला, काय करायचं ते केलं आणि दुसऱ्या गावी कामाला निघून गेला. मी तेव्हा पहिल्या रांगेत होतो.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी सातला मी नेहमीप्रमाणे वायरी तपासत फिरत होतो. शेवटच्या रांगेत आलो आणि आवाज आला. टप्. घंटेसारखा. मग बराच वेळ काही नाही. मग टप्.

मी पडदा बाजूला केला. नळ गळत होता. आणि खाली हातभर अंतरावर माझी वायर.

वायरमनला धावत सुटायला याहून जास्त काही लागत नाही. मी वर्कशॉपमध्ये गेलो, पाना आणला, पंपाचा प्लग काढला, नळाचं डोकं खोललं. आत झिजलेला वॉशर आणि त्याच्याखाली काड्यापेटीतली अर्धी काडी. कुणा आळशी प्लंबरचा तात्पुरता इलाज, असं म्हणून मी ती काडी फेकून दिली. शेजारच्या स्टॉलवर वॉशरवाला आपला माल मांडत होता. साठीचा माणूस, स्वतःच्या कारखान्यात स्वतः वॉशर कापायचा. त्याच्याकडे एक वॉशर मागितला.

"घ्या की, दोन घ्या," तो म्हणाला. "बरं झालं बाबा बंद करताय. मी आल्यापासून डोकं उठलंय."

नवा वॉशर बसवला. प्लग लावला. एक थेंब नाही. आम्ही दोघांनी समाधानाने माना हलवल्या.

बाई सकाळच्या गर्दीमुळे अकरापर्यंत काउंटरवर अडकल्या होत्या. अकराला त्या कोपऱ्यात गेल्या आणि मला बोलावणं आलं.

"पंप बंद पडलाय बहुतेक. बघा ना."

मी वाकून पंपाला हात लावला. सुरू होता. आणि त्याच क्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. वर बघितलं तर बाई नळाकडे बघत होत्या. वॉशरवाला दोन पावलांवर होता, पण त्याने तोंड आपल्याच पत्रकात खुपसलं होतं.

"पंप सुरू आहे," मी म्हणालो. ते खरं होतं. बाकीचं तोंडातून निघालं नाही. मी निघून गेलो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुपारी तीनला साहेब फेरी मारत आले. शेवटच्या रांगेत माणूस नव्हता. एक स्टॉलवाला खुर्चीत डुलक्या घेत होता. साहेबांनी पडदा सारला, नळ बघितला.

"एवढंच?"

"तो गळायला हवा होता," बाई म्हणाल्या.

"गळायला हवा होता," साहेब म्हणाले. त्यांना हसू येत होतं पण ते हसले नाहीत. "परवा संध्याकाळपर्यंत बघतो. तेरवापासून इथे खोकी."

साडेसहाला हॉल बंद झाला. बाई आपलं स्टूल घेऊन नळासमोर बसल्या होत्या. सुतार म्हणाला, "बाई, हे काढून टाका. माझ्या मेव्हण्याकडे धबधब्याचं चित्र आहे, दहा फुटी. लाइट लावला की पाणी हलल्यासारखं दिसतं. पंपवाले खूश होतील."

"नको."

"मग निदान पाटी तरी लावा, की बाबांनो, हा नळ म्हणजे कला आहे."

"पाटी लावली की लोक पाटी वाचतात आणि पुढे जातात," बाई म्हणाल्या. "तुम्ही घरी जा. पाय सुजलेत तुमचे."

सुतार गेला. मी तिथेच उभा. जिवावर आलं होतं, पण बोललो.

"बाई, नळ मी बंद केला."

त्यांनी वळून बघितलं नाही. "कधी?"

"सकाळी. वायरीजवळ पाणी पडत होतं. मला वाटलं, गळतोय."

"गळतच होता."

"हो. म्हणजे… चुकून गळतोय असं वाटलं."

"वॉशर कुणाचा?"

"शेजारचा."

"चांगला आहे," बाई म्हणाल्या. "दिवसभरात एक थेंब नाही आला."

मी ओरडा खायच्या तयारीने उभा होतो. त्याऐवजी त्यांनी विचारलं, "बंद करायच्या आधी किती वेळ ऐकत होतात?"

"जास्त नाही. पाना आणायला वर्कशॉपला गेलो होतो. पण तिथेसुद्धा ऐकू येत होतं मला. म्हणजे, येत नसणार. पण येत होतं."

आता त्या वळल्या. "वर्कशॉप त्या टोकाला आहे."

"हो."

"सगळा हॉल ओलांडून गेलात आणि परत ओलांडून आलात. एका थेंबासाठी."

"राहवेना, बाई."

त्या उठल्या. साडी झटकली, स्टूल उचलून बाजूला ठेवलं. "उद्या इथे जी माणसं येणारेत ना," त्या म्हणाल्या, "ती सगळी तुमच्यासारखी आहेत. गळका नळ दिसला की हात शिवशिवणारी. आणि मी मात्र त्यांना इथे बोलवायला थेंबावर विसंबून राहिले. स्वतः बोलवायला जायला हवं होतं."

त्यांनी शिल्पकाराला फोन लावला. मला पलीकडचं ऐकू येत होतं, तो माणूस मोठ्याने बोलायचा. "काडी होती हो अर्धी. कुठली अर्धी ते विचारू नका. ती बसवायला मला तीन दिवस लागले होते."

"दुसऱ्या कुणी हात लावला तर चालेल?"

मग तो म्हणाला, "लावू दे. पण एक थेंब पडल्यावर दुसऱ्याची वाट बघावी लागली पाहिजे. वाट बघावी लागली नाही, तर तो नुसता नळ आहे."

दुसऱ्या दिवशी बाईंनी काउंटर दुसऱ्या मुलीकडे सोपवला. मी नळ सोडवून दिला. तो हातात धरून त्या थेट पहिल्या रांगेत गेल्या, गालिच्यावर. मी पाना घेऊन मागे. इतकी लाज मला माझ्या लग्नातसुद्धा वाटली नव्हती.

तिथल्या टाय लावलेल्या साहेबांपुढे त्यांनी नळ धरला. "हा गळका करून देता का?"

"काय करून?"

"गळका. दर आठ-दहा सेकंदांनी एक थेंब. जास्त नाही, कमी नाही."

"बाई, आमचा धंदा गळती बंद करण्याचा आहे. नवा नळ देऊ का?"

"नवा नको. मुद्दाम गळती करायला जास्त अक्कल लागते. तुम्हाला जमणार नसेल तर राहू द्या."

एवढं बोलून त्या पुढच्या स्टॉलवर. तिथेही तेच. कुणी हसलं, कुणी म्हणालं आमच्या घरचा घेऊन जा, फुकट गळतो. एकाने विचारलं, डॉक्टरांना दाखवलंत का, नळाला नव्हे, स्वतःला. बाई कुणावर चिडल्या नाहीत. प्रत्येकाला शेवटी एकच सांगायच्या, "बारा वाजता शेवटच्या रांगेत, डावा कोपरा. ज्याला जमेल त्याने या." पाच रांगा झाल्या. एक स्टॉल त्यांनी सोडला नाही. नव्वद तरी असतील. मधेच त्यांचा उजवा पाय लंगडायला लागला, तशाच चालल्या.

बाराला मी नळ परत बसवला तेव्हा कोपऱ्यात आम्ही दोघं आणि वॉशरवाला. पाच मिनिटं कुणी नाही. मग तो टायवाला आला, हातात कानस. एकटा नाही, बरोबर त्याच्या कंपनीचे चार जण, आणि त्यांच्याबरोबर, काय चाललंय म्हणून, काही पिशवीवाले. त्याने नळाच्या आतली बैठक कानसली. पाणी धो धो आलं. मागून कुणीतरी म्हणालं, "आंघोळ उरकून घ्या." दुसरा पुढे झाला, त्याने कागदाची चकती घातली. थेंब पडायला लागला, सगळ्यांनी वाहवा केली, आणि दहा मिनिटांत कागद फुगून नळ ठार बंद. एका म्हाताऱ्या फिटरने सुताचा दोरा गुंडाळला. चांगला गळला, पण ठेका चुकायचा. "तीन… अकरा… दोन," एक जण घड्याळ लावून मोजत होता. मागे उभे असलेले आता उंच टाचा करून बघत होते. कोण कुठल्या कंपनीचा, काही राहिलं नव्हतं. सगळे एकमेकांना शहाणपण शिकवत होते.

शेवटी वॉशरवाला गर्दीतून पुढे आला. नळातला वॉशर काढून तळहातावर ठेवला.

"हा माझा आहे," तो म्हणाला. "हा गळणार नाही. जन्मात नाही."

"म्हणूनच तुम्हाला विचारलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

त्याला ते लागलं असावं. खिशातून ब्लेड काढलं, चष्मा कपाळावर चढवला, आणि वॉशरच्या कडेला केसाएवढी चीर पाडली. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा वाईट माल करतोय," असं पुटपुटत त्याने तो बसवला, नळ आवळला, आणि मागे सरकला.

थेंब आला. नळाच्या तोंडाशी लोंबला, मोठा झाला, पिवळ्या उजेडात चमकला. पडला. घमेलं वाजलं. आणि मी लावलेल्या दिव्यामुळे पाण्यावरची वर्तुळं वरच्या पांढऱ्या कापडावर पसरत गेली, पार कडेपर्यंत. दिवा मी लावला होता, पण हे मी तोवर बघितलंच नव्हतं.

सगळे दुसऱ्याची वाट बघत होते. साठेक माणसं असतील. पडला. परत वर्तुळं. माझ्या पुढच्या जाड्या गृहस्थाने हातातल्या दोन्ही पिशव्या हळूच खाली ठेवल्या. एक जण मांडी घालून जमिनीवरच बसला. घड्याळवाला म्हणाला, "नऊ," पण कुजबुजून, आणि मग त्याने घड्याळ खिशात टाकलं. ज्यांचा जन्म पाणी ढकलण्यात आणि अडवण्यात गेला, ती माणसं एका थेंबाकडे बघत उभी होती. मी बाईंकडे बघितलं. त्या नळाकडे बघत नव्हत्या. त्या चेहरे बघत होत्या, काउंटरवर बघायच्या तसे.

साहेब कधी येऊन माझ्या शेजारी उभे राहिले, कळलं नाही. त्यांनी कानाशी विचारलं, "गळतोय?"

"हो साहेब. नीट गळतोय."

ते पाचेक थेंब थांबले.

त्या संध्याकाळी आणि तिसऱ्या दिवशी लोक आपल्या ओळखीच्यांना हाताला धरून आणत होते. शेवटच्या रांगेतून जावंच लागायचं, मग दोन्ही बाजूंचे स्टॉलही बघितले जायचे. वॉशरवाल्याची पत्रकं संपली. तो लोकांना मोठ्या अभिमानाने सांगायचा की हा गळका वॉशर माझा, आणि त्यावर लोक त्याच्याकडे न गळणारे मागायचे.

हॉल रिकामा झाल्यावर साहेब आले. "ठरल्याप्रमाणे कोपरा तुमचा, बाई. काउंटरची भिंत पण. कागदावर काय लिहू, तुमचं पद काय?"

"मांडणी," बाई म्हणाल्या. "आणि साहेब, पुढच्या वर्षी मधला चौकसुद्धा द्या."

"कोपरा मिळाला ना आता?"

"म्हणून तर चौक मागतेय."

चौक मिळायला तीन वर्षं लागली. दर प्रदर्शनाला त्या मागायच्या आणि साहेब "बघू" म्हणायचे. मिळाला तेव्हा फरशीवाल्यांचं प्रदर्शन होतं, आणि बाईंनी तिथे काय ठेवावं, तर नुसत्या मातीचा एक ओलसर चौकोन आणि त्यावर कुणा मुलीने उमटवलेले अनवाणी पाय. फरशीवाले त्याच्याभोवती गोल करून उभे राहिले. मला त्यातलं काही कळलं नाही. पण कुणी पुसायला जाऊ नये म्हणून झाडूवाल्याला मी स्वतः जाऊन सांगून आलो.

आमची निवृत्ती तीन महिन्यांच्या अंतराने झाली. नंतर भेटीगाठी कमीच. एकदा त्यांनी फोन करून स्वयंपाकघरातला दिवा लागत नाही म्हणून सांगितलं, आणि मी गेलो. त्या भावाकडे राहायच्या. भाऊ आणि वहिनी बाहेर गेले होते. घर नीटनेटकं, छोटं. मी भिंती बघत राहिलो. एकीवरही चित्र नव्हतं. बैठकीच्या खोलीत फक्त एक खिळा होता, मोकळा.

"घरी काही लावलं नाहीत?" मी विचारलं.

"खिळा ठोकलाय ना," त्या म्हणाल्या. "अजून काही सापडलं नाही."

थट्टा होती की खरं, मला कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. दिव्याचा होल्डर सैल झाला होता, तो बदलला. चहा झाला. गुडघेदुखीचं थोडं बोलणं झालं. चप्पल घालताना आतून आवाज आला. टप्. मी थांबलो. बाईही थांबल्या. दुसरा येईपर्यंत आम्ही दोघं दारात तसेच उभे होतो.

"बाथरूममधला नळ गळतोय, बाई."

"हो. वॉशर गेलाय."

"आज पाना नाही आणला. पुढच्या वेळी आणतो."

"आणा. आणि बेल दोनदा वाजवा, एकदा वाजवलेली ऐकू येत नाही हल्ली मला."